माण-खटावच्या तलावांतील गाळ आणि पाणपक्षी: हवामानाचा परिणाम कसा अभ्यासावा

खटाव तालुक्यातील जाणती माणसे सांगतात की मायणीच्या तलावावर पूर्वी हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरत असत आणि पुढे ते येरळवाडी आणि सूर्याचीवाडीच्या पाण्याकडे वळले. कारण विचारले तर कोणी पाऊस कमी झाल्याचे सांगतो, कोणी तलाव गाळाने भरल्याचे, कोणी माणसांची वर्दळ वाढल्याचे. तिन्ही कारणे संभवतात, परंतु त्यांतील कोणते किती खरे आहे हे केवळ आठवणींवरून ठरत नाही. पक्षिगणनेच्या नोंदी फार मागे जात नाहीत. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणनाच मुळी १९८७ मध्ये सुरू झाली. तलावाच्या तळाशी मात्र बांधकामानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून गाळाचे थर साचत आले आहेत आणि त्या थरांत पाण्याची, पिकांची, गुरांची व काही प्रमाणात पक्ष्यांचीही नोंद राहिलेली असते. ती नोंद कशी काढावी आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा, याची पद्धत येथे सांगितली आहे. महाविद्यालयातील प्राणिशास्त्र, भूशास्त्र किंवा भूगोल विभाग आणि स्थानिक पक्षी अभ्यासक यांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गाळ पक्षी मोजत नाही. विष्ठेतून पाण्यात आलेला नायट्रोजन, फॉस्फरस आणि काही विशिष्ट संयुगे यांचा माग त्यात उरतो आणि त्यावरून पक्ष्यांची वर्दळ वाढली की घटली एवढाच अंदाज बांधता येतो. या पद्धतीचे गाजलेले उदाहरण अंटार्क्टिकातील आर्डली बेटाचे आहे. तेथील तळ्याच्या गाळातील विष्ठाजन्य मूलद्रव्यांवरून चिनी संशोधकांनी सुमारे ३,००० वर्षांतील पेंग्विनांच्या संख्येचा चढउतार मांडला आणि तो निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याच बेटावरील अधिक लांब कालखंडाच्या अभ्यासातून, २०१७ मध्ये, असे दिसले की जेंटू पेंग्विनांच्या वसाहतीला किमान तीन वेळा बसलेला मोठा फटका हवामानाचा नसून जवळच्या डिसेप्शन बेटावरील ज्वालामुखीच्या उद्रेकांचा होता. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, परंतु धरणे, कालवे, रासायनिक खते आणि उपसा सिंचन योजना आहेत. पक्ष्यांतील बदल हवामानामुळे झाला असे म्हणण्यापूर्वी ही इतर कारणे एकेक करून बाजूला सारावी लागतात, आणि माझ्या मते या अभ्यासातील निम्म्याहून अधिक कष्ट त्यातच जातात.

कोणत्या पक्ष्यांचा माग लागेल

सगळे पाणपक्षी गाळात सारखी खूण सोडत नाहीत. पट्टकादंब रात्री पाण्यावर विसावतात आणि चरायला आसपासच्या रानात, हरभऱ्या-गव्हाच्या पिकात जातात. त्यांच्या विष्ठेतून तलावात येणारा नायट्रोजन बाहेरून आलेला, म्हणजे तलावाच्या दृष्टीने नवा असतो. रोहित, शेकाट्या, तुतारी किंवा थापट्या मात्र तलावातच खातात आणि तलावातच विष्ठा टाकतात. ते पोषकद्रव्यांची भर फारशी घालत नाहीत, असलेलीच फिरवत राहतात, म्हणून त्यांची खूण पुसट असते. सर्वांत ठळक खूण वसाहतीने घरटी करणाऱ्या पक्ष्यांची मिळते. पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे किंवा बगळे वर्षानुवर्षे घरटी करत असतील, तर त्या झाडांखालच्या गाळात विष्ठा, माशांचे काटे, अंड्यांच्या कवचाचे तुकडे अशा सगळ्याच वस्तू एकवटतात. म्हणून ‘पाणपक्ष्यांवर हवामानाचा परिणाम’ असा सरसकट विषय न घेता, ‘या तलावावरील बगळे-करकोच्यांची वसाहत दुष्काळी वर्षांत ओस पडत होती का’ असा नेमका प्रश्न घ्यावा.

स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पट्टकादंबांची वीण तिबेट, मंगोलिया यांसारख्या मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी होते. त्यांची संख्या घटली तर कारण तिकडचे असू शकते आणि माणदेशातला पाऊस त्याला जबाबदार नसेल. स्थानिक विणीच्या पक्ष्यांबाबत ही शंका बरीच कमी होते.

तलाव कसा निवडावा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला माण-खटावच्या पर्जन्यछायेत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. हवामानाची खूण जेथे पाणी कधी असते कधी नसते तेथेच स्पष्ट उमटते. म्हणून कास किंवा कोयनेच्या शिवसागरापेक्षा मायणी, येरळवाडी, म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव, किंवा सांगलीकडे आटपाडी आणि जत तालुक्यांतील जुने तलाव या अभ्यासाला अधिक योग्य आहेत. मायणीचा आणि राजेवाडीचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमध्ये दोन्ही पाटबंधारे कामांची माहिती आहे. याचा मोठा फायदा असा, की गाळाच्या तळाचे वय आधीच ठाऊक असते: गाळाचा नमुना काढण्यासाठी तळात घुसवलेली नळी जेथे मूळच्या काळ्या रानापर्यंत किंवा मुरमापर्यंत पोहोचते ती खूण तलाव बांधल्याच्या काळाची.

निवडलेल्या तलावाचा मानवी इतिहास मात्र नळी घालण्याआधी गोळा करावा, कारण तो नंतर गाळातून उलगडत नाही. भराव किंवा सांडव्याची उंची कधी वाढवली? तलावात उरमोडी किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी कोणत्या वर्षापासून सोडले जाते? ज्या वर्षी कृष्णा खोऱ्यातले पाणी उचलून दुष्काळी तालुक्यात आणले गेले, त्या वर्षापासून तलावाची पातळी आणि स्थानिक पाऊस यांचे नाते तुटले. तेथून पुढचे थर पक्षी आणि पाणी यांच्याबद्दल सांगतील, पक्षी आणि हवामान यांच्याबद्दल नाही. गाळपेर जमिनीचे वाटप होते का, झाले असेल तर कोणत्या भागात, हेही विचारावे, कारण पाणी ओसरल्यावर नांगरलेल्या भागातले थर एकमेकांत मिसळलेले असतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ उचलला असेल, तर नेमक्या कोणत्या बाजूने आणि किती खोल उचलला याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि प्रत्यक्ष गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांकडे करावी. ज्यांनी ट्रॉल्या भरल्या त्यांना खड्ड्याची खोली चांगली आठवते.

याच्या जोडीला एक तुलनेचा तलाव अवश्य घ्यावा: पाऊस, माती आणि पाणलोटातली शेती तशीच, परंतु पक्ष्यांची वसाहत नसलेला एखादा पाझर तलाव. दोन्ही तलावांत फॉस्फरस सारखाच वाढलेला दिसला तर तो खताचा आहे, पक्ष्यांचा नव्हे. हा दुसरा तलाव वगळलेला अभ्यास मला तरी अपुरा वाटतो.

कधी जावे आणि कोअर (नळीतून काढलेला गाळाचा उभा नमुना) कसा काढावा

जलसंपदा विभाग किंवा ग्रामपंचायत यांपैकी तलाव ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची परवानगी घ्यावी. राखीव क्षेत्र असल्यास वनविभागाची लेखी परवानगी लागते. योग्य काळ एप्रिल ते मे महिन्याचा पहिला पंधरवडा. हिवाळी पाहुणे तोवर परतलेले असतात, पावसाळ्यातली वीण सुरू झालेली नसते आणि पाणी उतरलेले असते. तलाव पूर्ण कोरडा पडण्याची वाट मात्र पाहू नये. भेगाळलेल्या तळावर गुरांचे खूर उमटतात, भेगांतून वरची माती खाली जाते आणि वरचे काही सेंटिमीटर निरुपयोगी होतात. एक-दीड मीटर पाणी शिल्लक असताना, ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबांवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावरून काम सोपे जाते. जीवरक्षक जाकीट घालणे आणि काठावर एक जण थांबणे यात तडजोड नको. तलावाच्या गाळात रुतलेला पाय सहज निघत नाही.

खास गाळनळी मिळाली तर उत्तमच, परंतु उथळ तलावात सुमारे ७५ मिलिमीटर व्यासाची, दीड-दोन मीटर लांबीची पीव्हीसी नळीही चालते. नळीचे खालचे तोंड बाहेरून कानशीने धारदार करावे, नळी सरळ उभी धरून सावकाश दाबावी आणि शेवटी गरज पडल्यास लाकडी ठोकळा ठेवून ठोकावी. वर उचलण्यापूर्वी नळी पाण्याने काठोकाठ भरून रबरी बुचाने घट्ट बंद करावी. बूच नीट बसले नाही, तर आतली पोकळी गाळाला धरून ठेवत नाही. आमचा पहिला कोअर असाच पाण्याच्या पृष्ठभागाशी येता येता नळीतून निसटला आणि अर्ध्या दिवसाची मेहनत वाया गेली. खालचे तोंड पाण्यातून बाहेर येण्याआधीच हाताने झाकून दुसरे बूच लावावे. नळी किती खोल गेली आणि आत गाळाची उंची किती आहे ही दोन्ही मापे तेथेच लिहावीत, कारण दाबामुळे गाळ आखडतो आणि हा फरक नंतर हिशेबात घ्यावा लागतो. नळी वाहनात उभीच न्यावी.

किमान तीन जागी कोअर घ्यावेत: भरावाजवळच्या सर्वांत खोल भागात, पक्ष्यांच्या झाडांपासून थोड्या अंतरावर, आणि या दोहोंच्या मध्ये. झाडांच्या अगदी बुंध्याशी घेतलेला कोअर घसरलेल्या विष्ठेने व मुळांनी गोंधळलेला असतो. प्रत्येक जागी दोन नळ्या घ्याव्यात. एक तपासणीसाठी, दुसरी न उघडता जपून ठेवण्यासाठी.

गाळ खालून लाकडी दट्ट्याने वर सरकवत एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापाव्यात. नळीला घासून आलेली कडेची दोन-तीन मिलिमीटर माती काढून टाकावी, कारण ती वरच्या थरातून खाली ओढली गेलेली असते. स्टेरॉलसारख्या सेंद्रिय संयुगांच्या तपासणीसाठीचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. काचेची बाटली किंवा स्वच्छ ॲल्युमिनिअम फॉइल वापरावी. धातूंच्या तपासणीसाठी नेमके उलट, प्लास्टिक चालते. या तपासण्यांसाठी मूळ कोअरच शक्यतो पारदर्शक ॲक्रिलिक नळीत घ्यावा आणि पीव्हीसी नळीचा गाळ वयमापन व डायटम (सूक्ष्म शैवाले) तपासण्यासाठी वापरावा. नमुने ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत.

वय ठरवणे

दीडशे वर्षांच्या आतल्या गाळासाठी शिसे-२१० (ठरावीक वेगाने घटत जाणारे किरणोत्सारी शिसे) हे मुख्य साधन आहे. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे २२.३ वर्षे असल्याने सहा-सात अर्धायुष्यांपर्यंत, म्हणजे जेमतेम १३० ते १५० वर्षे मागे, त्यावर भिस्त ठेवता येते. ब्रिटिशकालीन तलावांचे वय नेमके या मर्यादेच्या कडेला येते, म्हणून तळाकडच्या थरांसाठी बांधकामाची खूणच अधिक भरवशाची ठरते. दुसरी खूण सीझिअम-१३७ ची. अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण उत्तर गोलार्धात १९६३ च्या सुमारास शिगेला पोहोचले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने त्या वेळच्या प्रमाणाचा आज चौथा हिस्साही उरलेला नाही, आणि ते पावसाबरोबर खाली येत असल्याने पर्जन्यछायेत मुळात कमीच साचलेले असते. प्रयोगशाळेला नमुना देताना मोजणीचा वेळ वाढवून मागावा.

आपल्याकडच्या तलावांत गाळ समान वेगाने साचत नाही. वळवाच्या एका जोरदार पावसात उघड्या डोंगरउतारावरून इतकी माती येते की तेवढी पुढच्या कित्येक वर्षांत येत नाही. आणि कोरड्या वर्षी काहीच साचत नाही, उलट तळाची बारीक माती वाऱ्याने उडून जाते. म्हणून खोलीला वर्षांच्या संख्येने भागून सरासरी काढण्याची पद्धत येथे पूर्णपणे टाळावी. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भेगाळलेला, घट्ट थर सापडतो का, तसेच ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या काळात थर घसरल्याची खूण दिसते का, हे पाहावे. सापडल्यास त्या पूरक खुणा समजाव्यात, एकमेव आधार नव्हे.

पक्ष्यांची खूण शोधताना

परदेशी निबंधांतील मूलद्रव्यांची यादी दख्खनच्या पठारावर जशीच्या तशी लागू करणे ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अंटार्क्टिकात फॉस्फरस, तांबे आणि जस्त वाढले की पेंग्विनांची विष्ठा आठवावी हे ठीक; परंतु आपला काळा कातळ बेसाल्टचा असून तांबे, जस्त आणि फॉस्फरस त्यातून झिजून येणाऱ्या मातीतच मुबलक असतात. माती जास्त आली की हे तिन्ही आकडे वाढतात, पक्षी एकही नसला तरी. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याचे टायटॅनिअमशी किंवा ॲल्युमिनिअमशी गुणोत्तर काढावे. ही दोन मूलद्रव्ये मातीबरोबरच येतात, विष्ठेबरोबर नाही. गुणोत्तर वाढले तरच मातीपेक्षा वेगळा स्रोत आहे असे समजावे.

नायट्रोजन-१५ हे समस्थानिक, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, अधिक उपयोगी आहे. विष्ठेतला अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन आधी जातो आणि जड मागे उरतो, त्यामुळे पक्ष्यांच्या वसाहतीजवळच्या गाळात त्याचे प्रमाण वाढलेले असते. युरियात याउलट हे प्रमाण हवेतील नायट्रोजनाइतकेच, म्हणजे वाढ शून्याच्या आसपास असते. परंतु गुरांच्या शेणातून आणि मेंढ्यांच्या लेंड्यांतूनही जड नायट्रोजन येतो, आणि माणदेशात तलावाकाठी मेंढ्यांचे कळप बसत नाहीत असे गाव शोधूनही मिळणार नाही. येथे स्टेरॉल मदतीला येतात. पक्ष्यांच्या विष्ठेत कोलेस्टेरॉलचे प्रमाण जास्त असते. गुरे-मेंढ्यांच्या शेणात वनस्पतींपासून आतड्यात तयार झालेली स्टिग्मास्टॅनॉलसारखी संयुगे असतात. माणसाच्या मैल्यात कोप्रोस्टॅनॉल असते. नायट्रोजन-१५ आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढले, पण शेणाची संयुगे वाढली नाहीत, अशा थरातच पक्ष्यांचे नाव घ्यावे. मासे आणि सूक्ष्म प्राणीही कोलेस्टेरॉल देतात, त्यामुळे येथेही तुलनेच्या तलावाचा आकडा शेजारी ठेवावाच लागतो.

तिसरा पुरावा डायटमचा. सिलिकेचे कवच असलेली ही एकपेशीय शैवाले पाण्यातील पोषकद्रव्यांना फार लवकर प्रतिसाद देतात आणि त्यांची कवचे गाळात टिकतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर दीर्घकाळ काम झाले आहे. ओळख पटवण्यासाठी अशा ठिकाणचे मार्गदर्शन घ्यावे, चित्रांवरून जाती ठरवू नयेत. पक्ष्यांच्या डीएनएचा शोध घेण्याची पद्धत थंड तळ्यांत फळली आहे, परंतु दर उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि आटणाऱ्या आपल्या उथळ गाळात डीएनए फार टिकत नाही, म्हणून मर्यादित पैसा त्यात घालू नये.

काळ्या मातीसंबंधी एक तांत्रिक सूचना. सेंद्रिय द्रव्य मोजण्यासाठी १०५ अंशांवर वाळवलेला गाळ ५५० अंशांवर जाळून वजनातली घट काढतात. काळ्या मातीतील चिकणकण त्या तापमानाला स्वतःत बांधलेले पाणीही सोडतात आणि आकडा फुगतो. म्हणून काही नमुन्यांचा सेंद्रिय कार्बन स्वतंत्रपणे मोजून पडताळा घ्यावा. चुनखडीचे खडे असलेल्या नमुन्यांत कार्बनसाठी आम्लाने चुना काढावा, पण नायट्रोजन-१५ साठीचा भाग आम्ल न लावता ठेवावा.

आकडे मांडताना केवळ प्रमाण देऊ नये, दरवर्षीची आवक द्यावी. समजा, एका थरात प्रतिग्रॅम १ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे आणि दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला ०.२५ ग्रॅम कोरडा गाळ साचला. तर आवक ०.२५ मिलिग्रॅम. दुसऱ्या थरात प्रमाण निम्मे, पण पुरामुळे गाळ वर्षाला १ ग्रॅम. तर आवक ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे दुप्पट. नुसते प्रमाण पाहणारा याच्या नेमका उलट निष्कर्ष काढेल.

हवामानाची बाजू वेगळी ठेवावी

ज्या खुणेवरून पक्षी ओळखले तिच्यावरूनच दुष्काळ ओळखला, तर दोन्हींचा मेळ बसणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही. पावसाची बाजू कणांचा आकार, चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो), क्षारांचे प्रमाण, परागकण यांवरून आणि शक्य तेथे प्रत्यक्ष पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून मांडावी. तलावाचा गाळ मान्सूनचा इतिहास जपतो याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रातच आहे: लोणार सरोवराच्या सुमारे १० मीटर लांबीच्या कोअरमध्ये पाणी आटताना तयार होणारे गेलुसाइट खनिज सापडले आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या दीर्घ कोरड्या काळांचा माग लागला. आपल्या तलावांचे वय लहान असले तरी तालुक्याच्या ठिकाणच्या पावसाच्या नोंदी हाती असतात, हा लोणारला नसलेला लाभ आहे.

जोडणी करताना एका चकतीत जितकी वर्षे सामावली असतील तितक्याच वर्षांच्या पावसाची सरासरी तिच्यासमोर ठेवावी. पाच वर्षांच्या थरासमोर एकट्या १९७२ चा पाऊस ठेवणे चूक आहे. वयातील चूक दहा वर्षांची असेल, तर आलेख पुढे-मागे सरकवून शिखरे जुळवण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास कोणतेही दोन आलेख जुळतात. वरचे, १९८७ नंतरचे थर गणनेच्या आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि तेथेच नाते दिसत नसेल तर जुन्या थरांवरून पक्ष्यांविषयी विधान करू नये. अशा वेळी तलावातील पोषकद्रव्यांचा इतिहास एवढेच शीर्षक द्यावे; तेही उपयुक्त काम आहे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण उन्हाळ्यात यंत्रे तलावात उतरली की एका आठवड्यात शंभर वर्षांचे थर शेतांत पसरले जातात. शेतकऱ्याला तो गाळ हवाच आहे आणि तलावालाही साठवण हवी आहे, त्यामुळे त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गाळ काढण्याचा ठराव होताच ग्रामपंचायतीशी बोलून यंत्रे येण्याच्या आत दोन दिवसांत चार नळ्या भरून घेता येतात. तपासणीसाठी पैसे त्या वर्षी नसले तरी चालेल. बुचे मेणाने बंद करून, बाहेरून तलावाचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली आणि ‘वर’ अशी खूण पुसली न जाणाऱ्या शाईने लिहून नळ्या महाविद्यालयाच्या शीतकपाटात उभ्या ठेवाव्यात. काढणीची तारीख विशेष महत्त्वाची आहे, कारण शिसे-२१० चे गणित त्या तारखेपासून मागे मोजले जाते.